उभ्या विमानाचे त्रेसष्ट तास

आमच्या फ्लाइंग क्लबचं 'किलो माइक' हे दोन माणसांचं विमान गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत हँगरमध्ये उभ्या उभ्या बासष्ट तास आणि चोपन्न मिनिटं उडालं. दाराला कुलूप, पंखा जागच्या जागी, चाकांखाली लिंबं, नाकावर शेवंतीची माळ. तरी उडालं. तसा आकडाच विमानाच्या मीटरवर होता, आणि मीटर सांगेल तेच खरं मानायचं असा लेखी हुकूम त्याच्या दीड वर्ष आधी मीच काढला होता. तेव्हा या गोष्टीत शहाणा कोण नव्हता हे वाचकांना शोधत बसावं लागणार नाही. पण गोष्ट माझी नाही, मल्हाररावांची आहे.

मी नंदकिशोर. जन्म पुण्याचा, नोकरी बेंगळुरूतल्या एका सरकारी संशोधन संस्थेत, घर जे. पी. नगरला. निवृत्त झाल्यावर लोक योगासनं करतात किंवा परदेशात नातवंडं सांभाळतात. मी आनेकलच्या पुढे, एका छोट्या धावपट्टीवर चालणाऱ्या क्लबचा मानद सचिव झालो. मानद म्हणजे काम सगळं आणि मान हँगरमधल्या मांजराएवढा. क्लबात दोन विमानं, दहाबारा विद्यार्थी, आणि ती विमानं उडण्यालायक आहेत की नाहीत यावर सही करणारा एकच माणूस, मल्हारराव.

ठेंगणा बांधा, कपाळाला कुंकू, खिशाला तीन पेनं. काळं नोंदीला, निळं सहीला आणि लाल मनाईच्या कार्डाला. वय साठीला आलेलं. डिसेंबरात ते निवृत्त होणार होते. आनेकलला वडिलोपार्जित घर, तिथून मोपेडवर यायचे. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या घोडदळाबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. घराण्यात घोड्यांचे खूर बघायचं काम होतं असं ते सांगत. "पाय बघितल्याशिवाय घोडा सोडायचा नाय, चाक बघितल्याशिवाय विमान सोडायचं नाय, तेवढंच सर," असं म्हणून ते पुन्हा विमानाखाली शिरायचे.

पहिल्या दिवशी मला त्यांच्या मराठीची गंमत वाटली होती. "मी सांगितलो, ते ऐकले नाहीत," असं ते म्हणाले तेव्हा पुण्यातली माझी शाळा माझ्या अंगात आली आणि मी त्यांना सुधारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सरी," म्हणजे कानडीत 'बरं' किंवा 'बरोबर'. "तुमचं मराठी चांगलं हाय सर. फक्त त्यात मराठी स्वल्प कमी हाय." मी सकाळपासून काय काय बोललो ते आठवून पाहिलं. मेंटेनन्स, शेड्यूल, कम्प्लायन्स, डेडलाइन. त्यानंतर मी त्यांना कधी सुधारलं नाही. सगळा हँगर त्यांना अण्णा म्हणायचा. मी मल्हारराव म्हणत राहिलो, कारण तेवढाच एक मराठी शब्द माझ्याकडे शिल्लक होता.

आता त्या हुकुमाचं सांगतो. वैमानिकाच्या परवान्यासाठी ठरावीक तास उडावं लागतं. आमच्याकडे प्रत्येक उड्डाणानंतर तासांवरून वाद व्हायचे. विद्यार्थ्याच्या घड्याळात सव्वा तास, शिक्षकाच्या घड्याळात एकच तास. मी आयुष्यभर उपकरणांबरोबर काम केलेला माणूस. माणसांवर विश्वास ठेवण्यापेक्षा काट्यावर ठेवावा, असं माझं मत. विमानात अवर मीटर असतो. इंजिन सुरू झालं की तेलाला दाब येतो, त्या दाबाने एक लहानसा स्विच बसतो आणि मीटर पळायला लागतो. इंजिन थांबलं की दाब जातो आणि मीटर थांबतो. इतकं साधं, इतकं निःपक्षपाती. मी नोटीस लावली: यापुढे मीटर सांगेल तेच तास, घड्याळाच्या वेळा कोणीही लिहू नयेत. नोटीस प्लास्टिकमध्ये घालून, चार स्क्रू मारून लावली.

मल्हाररावांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली.

"सर, मीटर आजारी पडला तर?"

"मल्हारराव, माणसं आजारी पडतात. मीटर नाही," मी म्हणालो.

"सरी सर," ते म्हणाले आणि गेले. त्यांच्या 'सरी'चे तीन अर्थ होतात, पटलं, ऐकलं आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा, हे मला तोवर कळत नव्हतं. हा तिसरा होता.

याच क्लबात त्यांची मुलगी रक्षिता शिकत होती. बापाच्या हाताखालून विमानं जातात आणि मुलगी ती उडवते, याचं बाहेरच्या लोकांना फार कौतुक. मल्हाररावांना मात्र त्याचा धसका होता. आपण मुलीला झुकतं माप देतो असं कोणी म्हणू नये, म्हणून ते तिला उलटं माप देत. इतर मुलांनी काही विचारलं तर हातातलं काम टाकून समजावतील. तिने विचारलं तर "शिक्षकाला विचार" म्हणतील. ती येताना बसने यायची. हे तिच्या मागून मोपेडवर येत, पण तिला मागे बसवत नसत. क्लबात ती त्यांना अण्णा म्हणायची आणि फाटकाबाहेर गेली की अप्पा.

गेल्या ऑक्टोबरात रक्षिताचे दोनशेपैकी एकशे शहाऐंशी तास भरले होते. चौदा उरले. तिने पूर्वी दिलेल्या लेखी परीक्षांची मुदत नोव्हेंबरच्या तीस तारखेला संपत होती. तोवर तास भरून अर्ज गेला नाही, तर सगळ्या परीक्षा पहिल्यापासून. मध्ये आईच्या आजारपणात तिची दोन वर्षं गेली होती, त्यामुळे हे असं काठावर आलं होतं. त्यात क्लबचं दुसरं विमान सुट्या भागांची वाट बघत कोपऱ्यात बसलेलं. सगळी भिस्त किलो माइकवर.

आणि मग आली आयुधपूजा. या शहरात त्या दिवशी बसपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना हार पडतो, आमच्या विमानालाही. मल्हारराव आदल्या दिवशी चिकपेटेच्या बाजारात फेरी मारून हार, कुंकू, कोहळा, सगळं घेऊन आले. शुक्रवारी दुपारी त्यांनी हत्यारं पुसून सतरंजीवर मांडली, विमानाच्या पॅनलला कुंकवाची बोटं लावली, चाकांखाली लिंबं ठेवली. पूजा झाली की हत्यार उचलायचं नाही, हा त्यांच्याकडचा कडक नियम. लिंबं सोमवारी पहिल्या उड्डाणाला चिरडायची, तोवर विमानालाही हात नाही.

माझा देवाधर्माशी संबंध फोटोपुरता. अध्यक्षांनी कोणी मोठे पाहुणे बोलावले होते आणि पाहुणे उशिरा येणार होते. मला वाटलं, हँगर अंधारा आहे, विमानाचे दिवे लावले तर फोटो झकास येईल. बॅटरी उतरू नये म्हणून भिंतीच्या विजेवर चालणारी ट्रॉली विमानाला जोडायला लावली आणि चार वाजून पाच-सहा मिनिटांनी मी स्वतः पॅनलवरचा मुख्य स्विच चालू केला. पंखांच्या टोकांना लाल-हिरवे दिवे लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे आले, कोहळा फुटला, चुरमुरे-गूळ वाटला. मी फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि आलेले अंगठे मोजत गाडीत बसलो.

मुख्य स्विच बंद करायचा राहिला. मल्हाररावांना वाटलं, सरांनी लावलाय, सरच बंद करून गेले असतील. शिवाय पूजा झाल्यावर कॉकपिटमध्ये हात घालायचा नाही. मला वाटलं, मल्हारराव आहेत. आपल्या देशात 'आहेत की' या दोन शब्दांवर बरंच काही चालू राहतं.

शनिवारी दसरा, रविवारी क्लब बंद. राखणदार कृष्णात कोल्हापूरकडचा. त्याने खिडकीतून आत दिवे पाहिले. शनिवारीही पाहिले, रविवारीही पाहिले.

"मग बंद का नाही केलेस रे?" मी सोमवारी ओरडलो.

"सायेब, पूजेचा दिवा," तो म्हणाला. "गावाकडं नवरात्रात दिवा विझू देत न्हाईत. तुम्ही सोताच्या हातानं लावल्याला. मी दोनदा वीज गेली तवा जनरेटर लावला की!"

त्याच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती. दिवे नुसतेच जळले असते तर मी ती दिलीही असती. पण तेलाच्या दाबाचा तो लहानसा स्विच नेमका चिकटून बसला होता. इंजिन बंद असूनही त्याने मीटरला सांगितलं की इंजिन चालू आहे, आणि विमानात वीज आहे म्हटल्यावर मीटर सोमवारी सकाळी सातपर्यंत इमानेइतबारे पळाला. शुक्रवारचा आकडा होता १९२६.४. सोमवारचा १९८९.३.

आता यात बिघडलं काय? हे बिघडलं: त्या इंजिनाचं आयुष्य दोन हजार तासांचं. ते भरले की इंजिन उतरवून पूर्ण दुरुस्तीला पाठवायचं आणि त्याला निदान चार महिने. शुक्रवारी इंजिनाला त्र्याहत्तर तास उरले होते. सोमवारी साडेदहा. तेही पाच विद्यार्थ्यांत वाटून. रक्षिता पहिल्या उड्डाणासाठी हेल्मेटसारखे ते हेडफोन गळ्यात घालून दारात उभी होती. तिने मीटर पाहिला, बापाकडे पाहिलं, आणि बाहेर जाऊन बाकावर बसली.

मला तोडगा दोन मिनिटांत सापडला. अभियंता माणूस. "मल्हारराव, यात एवढं काय? सगळ्यांना माहीत आहे की विमान हललं नाही. वहीत लिहा, मीटर चुकून पळाला, बासष्ट पॉइंट नऊ वजा. नवा स्विच बसवा. सही करा. दुपारी मुलगी उडेल."

"करतो सर," मल्हारराव म्हणाले. "पण स्विच बघतो आधी."

त्यांनी हत्यारांना नमस्कार केला, पाना उचलला, आणि तासाभराने तो अंगठ्याएवढा स्विच फडक्यावर ठेवून माझ्या टेबलाशी आले. आत काळा चिकट थर होता.

"हे शुक्रवारचं काम नाय सर. ह्याला वर्ष झालं असेल. असा स्विच लवकर बसत नाय. इंजिन चालू झालं तरी मीटर उशिरा जागा होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे शुक्रवारच्या आधीचा आकडा पण खोटाच की. एक खोटं काढतो म्हणून दुसऱ्या खोट्यावर सही करू?"

मी चिडलो, खोटं कशाला सांगू. ते बोलत होते मीटरबद्दल, म्हणजे माझ्या नोटिशीबद्दल. मी म्हणालो, "मल्हारराव, तुमचीच मुलगी बाहेर बसली आहे. तीस नोव्हेंबर लक्षात आहे ना? तुम्ही सही केलीत तर तिचा परवाना होतो, नाही केलीत तर जातो. इतका सरळ हिशोब आहे."

"सरळच हाय सर," ते म्हणाले. "दोन हजार झालेत की नाय हे माहीत नसलेल्या इंजिनामागं पोर बसवायची. माझी असो, दुसऱ्याची असो. नको."

त्यांनी किलो माइकच्या दारावर लाल पेनने लिहिलेलं कार्ड लटकवलं: उड्डाणास मनाई. आणि बाहेर गेले. खिडकीतून मला दिसलं, ते बाकाजवळ जाऊन रक्षिताशी काहीतरी बोलले. ती उठली आणि बसथांब्याकडे चालू लागली. हे तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत उभे राहिले.

त्या दिवशी घरी मी सुलभाला, म्हणजे बायकोला, सगळा प्रकार रंगवून सांगितला. माणूस किती हट्टी असावा, वगैरे. तिने कोथिंबीर निवडता निवडता विचारलं, "पण दिवे लावले कोणी?" मी म्हणालो, तो मुद्दा नाही. "बरं," ती म्हणाली, "मग नोटीस लावली कोणी?" चाळीस वर्षं संसार केला की बायकोला मुद्दा नसलेलेच मुद्दे बरोबर सापडतात.

दुसऱ्या दिवशी मल्हारराव एक गठ्ठा घेऊन माझ्यासमोर बसले. धावपट्टीच्या रेडिओ खोलीत हरी नावाचा माणूस बसतो. तो क्लबचा नोकर नाही, धावपट्टीच्या मालकांचा. त्यामुळे माझा हुकूम त्याला लागू नव्हता. वैमानिक रेडिओवर सांगतो, इंजिन चालू करतोय. हरी भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहितो. उतरून इंजिन बंद केलं की तेही लिहितो. नऊ वर्षं तो हे लिहीत होता आणि नऊ वर्षांत त्याची वही कोणी उघडली नव्हती. आम्ही मागायला गेलो तेव्हा त्याने आधी पुसून दिली.

तीन दिवस आम्ही ताळा जुळवत बसलो. मी हरीच्या वहीतून वेळा वाचायचो, मल्हारराव मीटरचे आकडे. दीड वर्षापूर्वीपासून सुरुवात केली. तेव्हा सगळं मिनिटामिनिटाला जुळत होतं. मी जरा सैल होऊन खुर्चीत रेललो. मग गेल्या वर्षीचा ऑगस्ट आला. घड्याळात एक तास दहा मिनिटं, मीटरवर चोपन्न मिनिटं. पुढचं उड्डाण, आठ मिनिटं कमी. पुढचं, वीस. कधी जुळायचं, कधी नाही. पण चुकलं की कमीच. सहा मिनिटं, दहा मिनिटं, चौदा महिने. बेरीज झाली सत्तावन्न तास छत्तीस मिनिटांची.

म्हणजे शुक्रवारी इंजिनाचे खरे तास होते १९८४. मी कॅल्क्युलेटर पुन्हा पुन्हा दाबला. मी ज्याला खरा आकडा म्हणत होतो तो सत्तावन्न तासांनी खोटा होता. आणि दिव्यांनी, कोहळ्याने आणि कृष्णाताच्या जनरेटरने मिळून जो आकडा तयार केला तो फक्त पाच तासांनी चुकला होता. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही उपकरणाची दुरुस्ती इतकी जवळपास गेली नव्हती.

"देवीनं स्वल्प सरी करून दिलं म्हणायचं," मल्हारराव म्हणाले. ते हसले नाहीत, म्हणून मलाही हसता येईना.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हे सत्तावन्न तास कोणीतरी उडवले होते! विद्यार्थ्यांच्या वह्यांत तास मीटरवरून लिहिले जात, माझ्या नोटिशीमुळे. म्हणजे प्रत्येकाचे तास कमी लिहिले गेले होते. मी उत्साहाने एकेकाचं नाव काढून बेरीज करू लागलो. कोणाचे चार, कोणाचे सहा. रक्षिताचं नाव आलं तशी मल्हाररावांनी आपल्यासमोरची वही मिटली.

"ते तुमी करा सर. मी नको. हरीकडून बघून घ्या."

मी केली. नऊ तास अठरा मिनिटं. हरीने शाळेतल्यासारखी मांडणी करून पुन्हा केली, तेवढीच आली. उरले पाचाच्याही आत. इंजिनाला सोळा शिल्लक. म्हणजे मुदतीच्या आत सहज बसत होतं! मी टेबलावर थाप मारली. "मल्हारराव, तुमच्या मुलीचा परवाना झाला समजा!"

ते खूश झाले नाहीत. उघड्या वहीतल्या ऑगस्टच्या त्या पहिल्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. एक तास दहा मिनिटं, मीटरवर चोपन्न. त्या उड्डाणाची वैमानिक रक्षिता.

"त्या दिवशी ती मला सांगितली होती सर," ते म्हणाले. "अण्णा, मीटर कमी दाखवतो, माझं घड्याळ बघ म्हणून. मी काय म्हणालो माहीत हाय? बापाकडं तास मागायला येऊ नको म्हणालो. लाज वाटत नाय का म्हणालो. सगळ्यांसमोर. दुसरा कोणी पोरगा आला असता तर मी त्याच दिवशी स्विच काढून बघितलो असतो."

मलाही आठवलं. ती बापाच्या आधी माझ्याकडे आली होती. मी तिला भिंतीवरची नोटीस दाखवली होती आणि म्हणालो होतो, नवं घड्याळ घे. मला तेव्हा आपण फार मिस्किल बोललो असं वाटलं होतं. चौदा महिने ती मुलगी आपले खरे तास उडत राहिली, वहीत कमी लिहीत राहिली आणि पुन्हा एका शब्दाने बोलली नाही. मला माझी लाज वाटली. तशी ती मला फार वेळा वाटत नाही.

मी स्टुलावर चढून नोटिशीचे चारही स्क्रू काढले. मग विद्यार्थ्यांच्या तासांच्या दुरुस्तीचं पत्र लिहिलं, कारण म्हणून माझ्याच हुकुमाचा क्रमांक आणि तारीख घातली, आणि खाली सही केली. मुख्य शिक्षकांनी प्रत्येकाच्या वहीत हरीच्या वेळा बघून नोंदी केल्या. नवा स्विच आणि नवा मीटर बसला. मीटर मागे पडल्यामुळे राहून गेलेल्या तपासण्या मल्हाररावांनी दोन दिवस विमानाखाली झोपून पुऱ्या केल्या. इंजिन ठणठणीत निघालं.

राहिली विमानाच्या मुख्य वहीतली बिघाडाची नोंद. ती वही सरकारी तपासनीस बघतात. तिच्यात रकाने असतात: बिघाड काय, केव्हा लक्षात आला, कोणाच्या, काय केलं. मी मजकूर तयार करून दिला होता. केव्हा: सोमवार, चौदा ऑक्टोबर. कोणाच्या: देखभाल विभागाच्या. त्यात खोटं काही नव्हतं आणि कोणाचं वाईटही होत नव्हतं. असा मजकूर करण्यात माझी हयात गेली.

मल्हाररावांनी माझा कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि काळ्या पेनने, त्यांच्या त्या गोल गोल इंग्रजी अक्षरात लिहायला लागले. मी मागे उभा राहून वाचत होतो. बिघाड प्रथम कळवला: शिकाऊ वैमानिक रक्षिता. तारीख: एकोणीस ऑगस्ट, गेलं वर्ष. केलेली कार्यवाही: काही नाही. आणि त्याच्यापुढे कार्यवाही न करणाऱ्याचं नाव म्हणून, स्वतःचं पूर्ण नाव आणि परवाना क्रमांक.

"मल्हारराव, तुम्ही डिसेंबरात निवृत्त होताय," मी म्हणालो. "एकतीस वर्षं तुमच्या नावावर ठिपका नाही. हे वाचून ते तुम्हाला लेखी ताकीद देतील. कशाला?"

"देतील की," ते म्हणाले. "ती सांगितली म्हणून कुठंतरी लिहायला पाहिजे ना सर. मी तोंडानं सांगितलो तर ती सोडून दे अप्पा म्हणेल. ह्या वहीत एकदा लिहिलं की कुणाला खोडता येत नाय."

ताकीद आलीच, महिनाभरात. मला काही आलं नाही. मानद माणसाला ताकीदही मिळत नाही. पण त्या सकाळी ताकीद अजून यायची होती. त्या सकाळी रक्षिता उड्डाणासाठी आली होती. उडण्याआधी वैमानिकाने विमानाची वही वाचायची असते. मल्हाररावांनी ती उघडून तिच्यासमोर टेबलावर ठेवली आणि स्वतः उगाच चाकाजवळ जाऊन हवा बघू लागले. हवा त्यांनी दहा मिनिटांपूर्वीच बघितली होती.

तिने उभ्यानेच वाचलं. एकदा वाचलं, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचलं. मला वाटलं रडते की काय. मी खिडकीबाहेर बघण्याचं नाटक सुरू केलं.

"अप्पा," तिने हाक मारली. क्लबाच्या आत, पहिल्यांदाच.

ते हात पुसत आले.

"तारीख चुकली अप्पा. एकोणीस नाही, अठरा. मी त्या दिवशी घरी जाऊन लिहून ठेवलं होतं."

मल्हाररावांनी चष्मा लावला. एकोणीसवर नियमाप्रमाणे एकच सरळ रेघ मारली, वर अठरा लिहिलं आणि बाजूला निळ्या पेनने सही केली. मग वही तिच्याकडे फिरवली आणि विचारलं, "आता बरोबर हाय?"

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि खाली स्वतःची सही करून विमानाकडे गेली.